होड्यांचं जानेफळ

माझ्या थोरल्या साडूंइतका शिस्तीचा कारकून अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि कागदाला इतका जीव लावणारा माणूस पुढे होईल असंही वाटत नाही. मलकापूरच्या आमच्या कचेरीत ते हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखाली. सुटा कागद दिसला की त्यांना चैन पडत नसे. डाव्या कोपऱ्यात दाभण खुपसून तो दोरीत ओवला, की मगच चहा. माझ्या लग्नात आलेली शुभेच्छांची पत्रंही त्यांनी मांडवातच ओवून टाकली होती. फक्त शनिवारी दुपारी ते कागद विसरत आणि एस.टी.नं उंद्रीला जात, आंधळ्या वडिलांची दाढी करायला. म्हातारा दुसऱ्या कुणाचा वस्तरा गालाला लावू देत नसे.

अशा माणसाच्या नशिबी कॉम्प्युटर आला. यंत्र नागपुरात, चांगलं खोलीभर. गावोगावच्या विहिरी, गाड्या, नांगर, होड्या यांची माहिती आम्ही जाड कार्डांवर बारीक भोकं पाडून रेल्वेनं धाडायची, आणि यंत्रानं ती वाचून याद्या छापायच्या. मी नागपुरात पंधरा दिवस शिकून आलेला, त्यामुळे साडूंना शिकवणं माझ्याकडे. तीन महिन्यांत जमलं नाही तर बदली थेट चंद्रपूरला, असं साहेबांनी बजावलेलं. म्हणजे उंद्री सुटलीच. साडू चपला बाहेर काढून पंचिंगच्या यंत्रापुढे बसत, एका बोटानं कळा दाबत आणि प्रत्येक कार्ड खिडकीच्या उजेडात धरून बघत. पहिल्या खोक्यासोबत तर त्यांनी यंत्राच्या नावे 'सविनय सादर' असा अर्ज लिहिला. म्हणाले, "एवढ्या मोठ्या यंत्राले नुसते कार्डं कसे धाडाव बे? दोन ओळी नको काय?" तो अर्ज मी हळूच काढून घेतला.

दुसरं खोकं त्यांनी एकट्यानं भरलं. नागपूरहून यादी आली, तर जानेफळात होड्या, उंद्रीत होड्या, जिथं बैल धुवायला पाणी नाही तिथंही होड्या! साडूंनी सवयीनं सगळी कार्डं कोपऱ्यात टोचून ओवली होती आणि धाडताना दोरी तेवढी काढून घेतली होती. त्या कोपऱ्यातलं भोक यंत्राच्या लेखी होडीचं निघालं. कार्डाला जादा भोक पाडायचं नसतं, हे मी त्यांना सांगायलाच विसरलो होतो.

साहेबांनी विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं नव्हतं?"

साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "शिकवलं होतं साहेब. मीच चुकलो."

मी गप्प राहिलो. बदलीचा कागद तयार होऊ लागला, तरी तीन दिवस गप्प राहिलो. नोकरी नवी होती, भ्यालो होतो, दुसरं काही नाही. चौथ्या दिवशी साहेबांपुढे सगळं ओकलो. त्यांनी माझी यथेच्छ हजेरी घेतली, बदली थांबवली आणि सगळी कार्डं दोघांनी मिळून नव्यानं करा म्हणाले. साडूंनी तेव्हाही चपला बाहेरच काढल्या.

आता साडू नाहीत. पुढची कितीतरी वर्षं आम्ही समोरासमोर जेवलो, पण ते तीन दिवस तू काऊन बोलला नाहीस, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. एकदा तरी विचारायला हवं होतं त्यांनी.