पोरीनं ओळखलं तुमाले

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. अर्धं सांगितलं आहे — गेल्या वर्षी गोंदियाला, भरल्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन. त्या अर्ध्याची आमच्या सडक अर्जुनीत भरपूर चर्चा झाली, अजून होते. होऊ दे. उरलेलं अर्धं मात्र माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी ओळख करून देते. मी मंदा. हायवेला लागून माझी खानावळ आहे. ट्रकवाले, तहसीलमधले बाबू, बँकेत बदली होऊन आलेली एकटी पोरं — सगळे माझ्या हातचं जेवतात. भाजीत तेल जास्त झालं म्हणून ओरडतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. आज मी ही आहे.

आधी मी अशी ओळख देत नव्हते. आधी मी एकच शब्द सांगायची — विधवा. शाळेत पोरीचं नाव घालताना, गॅसचं कनेक्शन घेताना, लग्नाच्या मांडवात मागच्या रांगेत बसताना. विधवा बाई आहे, एकटीनं पोर वाढवते. आणि माझा नवरा जिवंत होता.

दचकलात ना? हॉलमधल्या बायकाही दचकल्या होत्या.

माझं सासर सालेकसाच्या पलीकडचं, छत्तीसगडला लागून. धानाची शेती, भरलं घर. लोक विचारतात — मारायचा काय? नाही. प्यायचा? सणासुदीला, सगळे पितात तेवढी. मग? या 'मग'चं उत्तर द्यायला मी कधी बांधील नव्हते, तरी देते. मी बारावी झालेली. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून माझं नाव लागलं होतं. हे माझ्या नवऱ्याला कळलं आणि तो परस्पर जाऊन सांगून आला, "ते नाई येत." मला त्यानं सांगितलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी रोवणीत, चिखलात वाकलेली असताना, शेजारची बाई मला म्हणाली, "काऊन नाई गेली वं तू? तुयं तं नाव आलं होतं!" मी उभी राहिले. हातात धानाची रोपं होती, ती तशीच राहिली. घरी येऊन विचारलं तर तो म्हणाला, "आता कायले त्याचं?" आणि जेवायला बसला.

तेवढंच. तेवढ्यासाठी कोणी घर सोडतं का? मी सोडलं. आजही सोडेन.

भावाकडे गेले. तो म्हणाला, चार दिवस राहा, मग मी नेऊन घालतो. चार दिवस व्हायच्या आधीच मी वैशूला कडेवर घेतलं — तीन वर्षांची होती — आणि सडक अर्जुनीची बस धरली. तिथं एका मेसला स्वयंपाकीण पाहिजे असं ऐकलं होतं. काम मिळालं. खोली मिळेना. नवरा कुठं आहे? सोडून आली? मग नको. दोन घरी हेच झालं. तिसऱ्या घरी एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "मालक?" आणि मी म्हटलं, "वारले."

कशानं? "साप चावला. धानात." शब्द आधीच तोंडात तयार असल्यासारखे आले. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पोरीला गूळ-मुरमुरे दिले, खोली दाखवली, आणि रात्री तिच्याकडची रजई आणून दिली.

याची लाज वाटते का? नाही. नवरा सोडून आलेल्या बाईला छप्पर नव्हतं, नवरा मेलेल्या बाईला होतं. हा नियम मी केला नव्हता. मी त्यातून वाट काढली. कपाळ मोकळं ठेवलं, गळा मोकळा ठेवला, मला ते जडही गेलं नाही. पुढं मेसवाला गाव सोडून गेला, ती जागा मी घेतली. माझी खानावळ उभी राहिली. त्यातला एकही दिवस मी परत देणार नाही.

पण वैशू — तिला मी तेच सांगितलं जे म्हातारीला सांगितलं. तिनं ते खरं मानलं. खरं मानून ती त्याच्यासाठी रडली, शाळेत निबंध लिहिला, पितरपाटात वडे-कढी झाली की छपरावर पहिला घास तीच ठेवायची आणि कावळा येईपर्यंत खाली उभी राहायची. जिवंत माणसाला घास. मी चुलीपुढून बघत असायची. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू.

आता त्या दुपारपाशी येते. येतेच. थांबा.

वैशू बारावीत होती. दुपारची गर्दी ओसरली होती, ती वाढायला माझ्या हाताशी होती. एक माणूस आला आणि दारालगतच्या टेबलावर बसला. वाळलेला, पिवळट, शर्ट अंगावर लोंबत होता. माझ्याकडे जेवणारा एक ड्रायव्हर माझ्या सासरच्या गावचा निघाला होता. त्यानंच पत्ता दिला असणार. मी वरणाचं भांडं घेऊन बाहेर आले आणि त्याला बघितलं. त्यानंही मला बघितलं.

वैशूनं ताट ठेवलं. तिला सगळ्यांशी बोलायची सवय. "कोन्या गावचे, काका?"

त्यानं गाव सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. "खरंच? माह्या बाबाचं गाव आहे ते! तुमी ओळखत होते काय त्यायले?" आणि तिनं नाव सांगितलं — त्याचंच नाव, त्यालाच.

तो ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "होतो ओळखत."

"मी लहान होती तवा गेले ते. साप चावला ना."

त्यानं माझ्याकडे मान वळवली. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त समजून घेत होता — आपण मेलो आहोत, कसे मेलो आहोत, हे. मग तिला म्हणाला, "हो बाई. आयकलं होतं मी."

"कसे होते ते? आई तं काईच नाई सांगत."

"साधाच होता," तो म्हणाला. "त्याले बोलता येत नोहतं."

तो थोडंसं जेवला. हात धुतले, वैशूच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं असावं, कारण हात उचलला आणि टॉवेलकडे नेला. निघून गेला. वैशू भांडी उचलायला लागली. मी तिला म्हटलं, कोथिंबीर घेऊन येते, आणि त्याच्यामागं गेले.

बसस्टँडच्या शेडखाली तो उभा होता. मला बघून म्हणाला, "मी काई मांगाले नाई आलो, मंदा. तब्येत बरी नाई राहत. पोरीले एकडाव पाहाव म्हटलं." मग म्हणाला, "तिले खरंच नाई मालूम?"

इथं मला थांबता आलं असतं. 'नाही माहीत, माझी चूक' एवढं म्हणता आलं असतं. तो परत येईल, ही भीती होती? होती. खानावळ, पोर, नाव — सगळं या एका वाळलेल्या माणसाच्या बोलण्यावर टांगलं आहे असं वाटलं? वाटलं. पण भीतीपेक्षाही मोठं काहीतरी होतं, आणि तेच आज सांगायचं आहे. मला त्याला दुखवायचं होतं. त्यानं 'आता कायले त्याचं' म्हणून घास मोडला होता ना — तसं, तेवढ्याच सहज, मला त्याला मारायचं होतं.

मी म्हटलं, "सगळं मालूम आहे तिले. पोरीनं ओळखलं तुमाले. फोटो आहे घरी. ओळखूनच बोलली ते. तिलेच तुमी मेलेले पाहिजे."

घरी फोटो नव्हता. कधीच नव्हता.

त्यानं ऐकलं. एकदा खानावळीच्या दिशेनं बघितलं. "नाव तं माहंच लावते ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, शाळेत लावावं लागते. "हो," तो म्हणाला. देवरीची बस लागली, तो चढला, खिडकीपाशी जागा असून पलीकडच्या बाजूला बसला. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले. वैशू म्हणाली, "चांगले होते ना काका?"

पुढच्या उन्हाळ्यात त्याच ड्रायव्हरनं जेवता जेवता सांगितलं — काविळीनं गेला. मी त्याला आणखी भात वाढला. कोणाला सांगणार होते? माझ्या घरी तो केव्हाच गेलेला होता.

वैशूचं लग्न झालं, ती गोंदियाजवळ फुलचूरला राहायला गेली. आणि गेल्या वर्षी गोंदियाला बचत गटांच्या बायकांचं शिबिर होतं. नागपूरहून आलेली एक मुलगी म्हणाली, प्रत्येकीनं उठून ओळख करून द्या. कोणाची बायको, कोणाची सून ते नको, आज तुम्ही कोण आहात ते सांगा. बायका हसायला लागल्या. एकेक उठली, बहुतेकींनी नवऱ्याचंच नाव सांगितलं आणि जीभ चावली. माझी पाळी आली. इतकी वर्षं पाठ झालेला शब्द ओठावर आलाच होता. आणि मला त्याचा एकदम वीट आला. मी माईक घेतला आणि म्हटलं, "मी मंदा. सडक अर्जुनीले माही खानावळ आहे. मी विधवा म्हणून राहिली, पण मी नवरा सोडून आली होती. तो जिता होता तवाही मी हेच काम करत होती."

आमच्या गावच्या चारपाच जणी तिथं होत्या. चहाच्या वेळी एक जण मला म्हणाली, "इतकी वर्षं आमची दया खाल्ली तुनं." मी म्हटलं, "दया नाई खाल्ली. खोली घेतली अन् कष्ट केले. तुमी दिली असती काय खोली, खरं सांगितलं असतं तं?" मी चहा संपवला आणि थेट ऑटोनं फुलचूर गाठलं. दुसऱ्या कोणाकडून वैशूला कळायला नको होतं.

तिला मी सांगितलं. घर सोडलं ते, म्हातारीला सांगितलं ते, साप. आणि त्या दुपारचं ताट. बसस्टँडवरचं नाही. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "ते काका?" मी मान हलवली. ती मधल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जावयांनी मला बसस्टँडवर सोडलं.

त्यानंतर कितीतरी दिवस तिचा फोन नव्हता. गावात कुजबुज होती, काही गिऱ्हाइकं तुटली, मग हळूहळू परत आली. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच नाही. मी आता सगळीकडे सरळ सांगते. कोणाला पटो न पटो.

दिवाळीनंतर वैशू आली. एकटीच. माझ्या पलीकडं बसून भाजी निवडायला लागली. ती सालेकसाकडं जाऊन आली होती, त्याच्या भावाला भेटली होती, घर बघून आली होती. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. मग मान वर न करता म्हणाली, "एक बरं झालं, आई. त्यायले एवढं तं समजलं असन, का मले मालूम नाई. म्या मुद्दाम नाई म्हटलं. त्याच्यावरच झोप लागते मले."

तिनं वर बघितलं. विचारत होती ती.

मी म्हटलं, "हो. समजलं होतं त्यायले."

तिला वाचायची सवय आहे. हे छापून आलं तर तिच्या हाती पडेलच. पडू दे. मी इथंच आहे.