कवडसा

माझ्या उजव्या कानाला ऐकू का येत नाही, असं तुम्ही फोनवर विचारलंत. क्रमाने सांगते.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. एकदा एक खगोलशास्त्रज्ञ बाई व्याख्यानाला आल्या. वेधशाळेत त्या एकट्याच बाई. सूर्यावरच्या डागांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. त्यांनी मुलींना एक युक्ती दाखवली. छोट्या आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवून तो उन्हात ठेवायचा आणि कवडसा लांबच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडायचा. तिथे सूर्याचं बिंब उमटतं, मोठे डागही दिसतात, आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो तसे ते सरकतात. त्यांची रोज चित्रं काढा, म्हणाल्या.

दहावीतली एक मुलगी रोज काढू लागली. वडील धान्याचे व्यापारी. गच्चीवर आरसा लावताना कवडसा समोरच्या खिडकीवर गेला. तिथे कॉलेजची मुलं राहत. पोरगी आरशाने खुणावते, असं शेजारणीने वडिलांना सांगितलं.

दोन दिवस ती शाळेत आली नाही म्हणून मी घरी गेले. वडील पट्ट्याने मारत होते. बक्कल लागून तिची भुवई फाटली होती, एक डोळा मिटला होता. चित्रं बंबात जळत होती. मी मधे गेले, तर थोबाडीत बसली. पोत्यांवर पडले. उजव्या कानातून रक्त आलं.

परक्या बाईमाणसावर हात पडला म्हणून ते थबकले.

"मधी पडू नका, बाई. पुढच्या महिन्यात लगीन हाय हिचं."

मी पर्समधल्या आरशावर भोक पाडलेला कागद लावून तो अंगणात ठेवला. धान्याच्या कोठाराच्या आतल्या अंधाऱ्या भिंतीवर बिंब पडलं. मुलगी भिंत धरत पुढे आली.

"अप्पा, हा डाग मागल्या आठवड्यात मधी होता. आज कडंला आलाय. उद्या पलीकडं जाईल. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कडंनं येईल."

"न्हाय आला तर?"

"तर लगीन करा. आला तर मॅट्रिक होऊ द्या."

डाग वाटेत विरूनही जातात, हे मला माहीत होतं. मी आरसा तिथेच ठेवून निघाले.

पुढचे पंधरा दिवस अप्पा रोज दुपारी स्वतः आरसा लावत. पंधराव्या दिवशी कडेला बारीकसा काळा ठिपका उमटला. लग्न पुढे गेलं.

माझ्या कानाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. पण कोठाराच्या त्या भिंतीला, बिंब नीट दिसावं एवढाच, चौकोनी चुना त्यांनी स्वतःच्या हाताने लावला.