मला भांडता येतं

स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांचा एक गट इकडे तमिळ मुलखात, पेरुंगुडीत आमच्या घराजवळ दर शनिवारी जमतो. केमो संपल्यावर नवऱ्याने मला तिथे जवळपास ढकलतच नेलं. 'पॉझिटिव्ह राहा' हे मी सासर-माहेरच्या फोनवर रोज ऐकत होते; तेच पुन्हा ऐकायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

समुपदेशक तरुण होती. तिने विचारलं, "आजाराला तुमच्याकडून काय हिरावता आलं नाही?"

कुणी भक्ती म्हणाली, कुणी माया. मी तिरसटपणे मराठीतच म्हटलं, "मला भांडता येतं. बाकी काही नाही."

शेजारी तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या एक काकू होत्या. त्यांनी ते तमिळमध्ये सांगितलं. सगळ्या हसल्या, समुपदेशक सोडून.

"मग सध्या कुणाशी भांडताय?"

रजा संपवून बँकेत परतले, तर साहेबांनी मला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत बसवलं होतं. 'तुमच्या आरामासाठी,' म्हणे. मी मान डोलावली होती. हे मी सांगितलं.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" काकूंनी विचारलं.

कितीतरी महिन्यांनी मला चांगला सणसणीत राग आला.

सोमवारी स्कार्फ न बांधताच मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "सर, मला माझा काउंटर हवाय."

"मॅडम, कस्टमरना तुम्हाला बघून कसंतरी होतं."

"होऊ दे. काउंटरवर माझी बोटं चालतात, केस नव्हे."

"वर विचारावं लागेल."

"विचारा. मी इथेच बसते."

मी खुर्ची ओढून बसले. ते फायली उघडत राहिले, मिटत राहिले. शेवटी म्हणाले, "जा, बसा काउंटरवर."

पहिलीच बाई माझ्या डोक्याकडे टक लावून बघत राहिली. "कॅन्सर," मी म्हटलं, "पासबुक द्या." तिने दिलं.

पुढच्या शनिवारी मी हे सांगितल्यावर एक अबोल बाई पहिल्यांदा बोलली. घरी जावेने तिचं ताट वेगळं काढलं होतं. "मला नाही येत भांडता," ती म्हणाली.

"शिकवते," मी म्हटलं. काकू तिची जाऊ झाल्या, आणि अशा खडूस, की समुपदेशकही हसली. ती बाई आधी नुसतीच पुटपुटली. मग ती रडली. मग डोळे पुसून ओरडली, "माझं ताट सगळ्यांबरोबर मांड!"

आवाज ऐकून पलीकडच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"अजून मोठ्यांदा," मी म्हटलं.