फार चांगलं आहे, नको

"कोपरे दाखवा."

त्यांचा पहिला निरोप एवढाच होता. नमस्कार नाही, नाव नाही, किंमत विचारणं नाही. मी जुनी कार्डं ऑनलाइन विकतो. नव्वदच्या सुमाराला आम्ही मुलं ज्यांच्यामागे वेडी झालो होतो, ती पैलवानांची कार्डं. वर फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड. मी एका टकल्या पैलवानाच्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांचे फोटो काढून पाठवले. दुपारी उत्तर आलं, "फार चांगलं आहे. नको."

मी लगेच लिहिलं, "माफ करा."

चांगला माल दाखवल्याबद्दल माफी मागणारा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल, पण माझा स्वभावच तो आहे. गिऱ्हाइकाला काही कळायच्या आत मीच सगळे दोष सांगून टाकतो. 'मागच्या बाजूला बारीक डाग आहे. डाव्या कोपऱ्याला चुणी आहे, क्षमस्व.' न सांगता विकलं तर मला जेवण जात नाही. गिऱ्हाइकं मग माझाच कबुलीजबाब हातात घेऊन माझ्याशी भांडतात. एकाने कार्ड मागवून परत पाठवलं आणि कारण लिहिलं, 'कोपऱ्याला चुणी आहे.' मी ते निमूट परत घेतलं आणि त्याची माफीही मागितली.

हे गृहस्थ मात्र निराळेच निघाले. ते माझे दोषांचे रकाने आवडीने वाचत. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"तुम्ही चुणीचं लिहिलंय ते कार्ड कुठलं?"

"ते दुसऱ्या पैलवानाचं, काका. टकल्याची माझ्याकडे दोन आहेत आणि दोन्ही नव्यासारखी आहेत."

"अरेरे," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

त्यानंतर एका रविवारी ते नारायण पेठेतून स्कूटरवर थेट धायरीला आमच्या घरी आले. किडकिडीत अंगाचे, पांढरा बुशशर्ट, हातात स्टीलचा चपटा डबा. माझी बायको सुनीता पाणी घेऊन आली, तर म्हणाले, "पाणी नंतर. आधी उजेड कुठे आहे ते सांगा."

खिडकीशी बसून त्यांनी डबा उघडला. आत तीच पैलवानांची कार्डं होती, पण काय अवस्था! कोपरे गोल झालेले, कडा मऊ पडलेल्या, पाठीवर तेलकट हातांचा तपकिरी थर. माझ्यासारख्या माणसाला ते बघवेना. माझी कार्डं लहानपणापासून प्लॅस्टिकच्या पाकिटात आहेत. खराब होतील या भीतीने मी त्यांच्याशी कधी खेळलोच नाही.

त्यांनी माझं टकल्याचं कार्ड आपल्या गठ्ठ्यात पालथं सरकवलं. ते पांढऱ्या दातासारखं चमकत राहिलं.

"बघा. आंधळासुद्धा ओळखेल," ते म्हणाले.

मग मला उलगडा झाला. या खेळात प्रत्येकाच्या हातात कार्डांचा गठ्ठा असतो. आपलं वरचं कार्ड आपल्याला दिसतं, समोरच्याला फक्त त्याची पाठ दिसते. ज्याची पाळी असेल त्याने म्हणायचं, "वजन", किंवा "उंची". ज्याचा आकडा मोठा, त्याला सगळ्यांची वरची कार्डं. टकल्या सगळ्यांत वजनदार. तो पाठीवरून ओळखू आला, तर त्याच्यासमोर 'वजन' कोण म्हणणार?

"सगळी सारखीच मळलेली आहेत, म्हणून कुणी कुणाला ओळखत नाही. मला तितकंच मळलेलं हवंय," काका म्हणाले.

हा कार्डांचा कॅट मूळचा त्यांच्या मुलीचा. तिच्या दहावीच्या वर्षी त्यांनी तो जप्त केला आणि डब्यात घालून पिंपरीच्या बाजूला आपल्या कारखान्यात नेला. तिथल्या कँटीनमध्ये पत्ते खेळायला मनाई होती. सुपरवायझरने हटकलं तेव्हा काकांनी एक कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. "यात राजा आहे? राणी आहे? मग हे पत्ते कसे? हे पैलवान आहेत." पुढे बाहेरच्या कंपन्या आल्या, कारखान्याची खाती एकेक बंद झाली, सगळ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कँटीन गेलं, पण काका, वसंतराव आणि जाधव हे तिघं नदीकाठच्या कट्ट्यावर खेळत राहिले.

"मग टकल्या हरवला कसा?"

"गाईने खाल्ला."

सुनीता फसकन हसली. काका हसले नाहीत.

"कट्ट्यावरून खाली पडला, मी वाकेपर्यंत तिने तोंडात घेतला. एवढा अवाढव्य पैलवान, एका घासात गेला." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तेव्हापासून खेळ बंद. जाधवचं काही नाही, त्याला नातवंडं आहेत. वसंताची बायको गेली, तेव्हापासून तो फक्त या खेळासाठी घराबाहेर पडायचा. आता जिनाही उतरत नाही. पडदा लावून बसतो."

मी म्हटलं, "काका, मग माझा अख्खा कॅट न्या. सगळीच कार्डं सारखी नवी."

"विचारलं त्याला. म्हणाला, नवे पैलवान माझ्या ओळखीचे नाहीत."

"मी कोपरे घासून देतो. चहाच्या पाण्यात बुडवून काढतो."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी नोटा छापायला निघालो होतो. "ते वेगळं दिसतं. कार्ड हातात मळावं लागतं. खेळा."

"कोण?"

"तुम्ही. दोन आहेत ना तुमच्याकडे? एक खेळायला काढा."

एक कार्ड मळवायचं तर त्याच्याबरोबर अख्खा कॅट खेळायला हवा. त्या रात्री मी पाकिटं फाडली. आता कॅट नवा राहणार नाही याची खंत, आणि इतकी वर्षं जपून ठेवला याचीही खंत. सुनीता शांतपणे म्हणाली, "वाटा आता. रडायचं नंतर."

मग आमचं रोज सुरू झालं. ऑफिसातून आलो की जेवणाआधी एक डाव. सुनीता कणकेच्या हातांनी बसायची, आणि ते काकांना फार पसंत होतं. ती कार्ड असं आपटायची, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. हरली की म्हणायची, "तुमचा पैलवान कागदावरच भारी आहे, तुमच्यासारखाच." लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघं काही खेळतो आहोत असं प्रथमच होत होतं.

दर रविवारी काका तपासणीला येत.

"कोपरे दाखवा." मग कार्ड गालाशी नेऊन, "अजून कोवळं आहे. ताई, भजी करा एखाद दिवशी, आणि हात न धुता खेळा."

अशाच एका रविवारी एक गिऱ्हाईक घरी येऊन बसलं होतं. हिंजवडीच्या कंपनीतला तरुण, बरोबर भिंग. एका कार्डाची चुणी दाखवून तो किंमत पाडत होता. चुणीचं मी आधीच लिहिलेलं होतं, तरी मी "सॉरी, सॉरी" म्हणत खाली खाली येत होतो. काका कोपऱ्यात चहा पीत होते.

"अहो," ते त्याला म्हणाले, "तुम्हाला कार्ड हवंय की चुणी?"

"म्हणजे?"

"चुणी हवी असेल तर रांगेत या. माझा नंबर आधी आहे."

तो गोंधळला, मग हसला, आणि सांगितलेल्या किमतीला कार्ड घेऊन गेला. काका मला म्हणाले, "तुम्ही दोष सांगता ते बरोबर. पण एकदा सांगितलं की ताठ बसा. परत परत कशाला वाकता?" मी म्हटलं, "सॉरी, काका." त्यांनी कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

पाऊसपाणी होऊन गेलं, दिवाळीचा फराळ झाला. चकलीच्या हातांनी टकल्याचं काम पूर्ण केलं. काकांनी तो आपल्या गठ्ठ्यात पालथा सरकवला, गठ्ठा पिसला आणि पुढे केला. "काढा." मी काढलं ते दुसरंच निघालं. काकांनी सुनीतापुढे हात जोडले फक्त.

पहिल्या डावाला त्यांनी मला कट्ट्यावर बोलावलं. वसंतराव काठी टेकत आले होते. बोलत नव्हते, पण आले होते. चौथा म्हणून मीही बसलो आणि दोन फेऱ्यांतच माझी पंचाईत झाली. इतरांना फसवणारं ते कार्ड मला मात्र ओळखू येत होतं. सुनीताच्या अंगठ्याचा एक डाग होता वरच्या कडेला. ते जाधवांच्या हातात आलं आणि मला राहवेना.

"माफ करा, पण मला हे कार्ड ओळखू येतं."

वसंतरावांनी प्रथमच मान वर केली. "हा कुठून आणलास?" त्यांनी काकांना विचारलं. "असा माणूस आपल्या कँटीनमध्ये एक दिवस टिकला नसता." आणि ते खोकत खोकत हसायला लागले.

काका मला म्हणाले, "टकल्या दिसला की डोळे मिटा. वसंता, वाट."

दोन वर्षं मी दर रविवारी गेलो आणि प्रामाणिकपणे डोळे मिटत राहिलो.

काका गेल्या थंडीत गेले, झोपेतच. त्यांच्या मुलीने डबा वसंतरावांच्या हाती दिला. मला वाटलं, आता पडदा पुन्हा लागणार. पण पुढच्याच रविवारी सकाळी फोन वाजला. "वसंता बोलतोय. जाधव येऊन बसलाय. तुम्हाला आमंत्रण लागतं का?"

परवाची गोष्ट. पाळी माझी होती, समोर वसंतराव. माझ्या हातातला पैलवान चांगला दणकट होता. मी बेधडक म्हणालो, "वजन!"

वसंतरावांनी सावकाश कार्ड उलटं केलं. टकल्या.

"ओळखलं नाहीत?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं ओळखलं. मी ते हातात घेतलं. डाग आजूबाजूच्या मळात कुठे मिसळून गेला होता, शोधूनही सापडेना. माझ्या नकळत मी खिशातून फोन काढला, कार्ड उन्हात धरलं आणि एकेक करून चारही कोपऱ्यांचे फोटो घेतले. मग नुसताच फोनकडे बघत बसलो.

वसंतरावांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. मी जिंकलोय ते."

मी दिलं. त्यांनी ते गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं आणि म्हणाले, "उंची."