त्यांची ॲलर्जी, आमचा दमा

"बाहेर जाऊन खोक. सईला लागेल."

मॅडम हे सगळ्यांसमोर बोलल्या. हॉलमध्ये भिशीच्या बायका बसल्या होत्या. मी शेजारच्या खोलीत गालिचा झाडत होते. कोरडाच. नळाला पाणी आलं नव्हतं. आमच्या शहरात पाणी येतं तेव्हा येतं. म्हणून मॅडमचा नियम असा, की पुसायचं नाय, झाडायचं. धूळ उडाली, नाकातोंडात गेली, आणि माझी छाती वाजायला लागली. शिट्टीसारखी. मला दाबता येईना. हॉलमधल्या गप्पा थांबल्या.

"कोण खोकतंय एवढं?" समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी विचारलं.

"आमची कामवाली. दमेकरी आहे."

मी झाडू ठेवला आणि मागच्या दारानं अंगणात गेले. धुण्याच्या दगडावर बसले. श्वास आत जात होता, पण बाहेर येत नव्हता. खिडकीतून सईताईची खोली दिसत होती. सईताई म्हणजे मॅडमची मुलगी, नववीत शिकणारी. धुळीनं तिलाही उबळ आली होती. तिनं कपाटातून पंप काढला, प्लास्टिकच्या नळकांड्याला लावला, तोंडात धरून दाबला. थोड्या वेळानं ती परत मोबाईल बघायला लागली. एवढं सोपं.

मी आत आले तव्हा सहज विचारलं. भांडायला नाय. सहज.

"मॅडम, सईताईला बी माझ्यासारखंच हाय का?"

त्या हसल्या. "तिला ॲलर्जी आहे. दमा तुम्हा लोकांना होतो."

बायका बी हसल्या. एक म्हणली, "मेंढरांत राहतात ना हे. त्या लोकरीचंच होतं सगळं." दुसरीनं रुमाल नाकाला लावला, जशी काय मी मेंढरं घेऊनच हॉलमध्ये उभी होते.

मेंढरं माझ्या बापाकडं हायत. पिशोरकडं. मी लग्न होऊन पडेगावला आले, त्याला लई वर्षं झाली. तव्हापासून मी लोकरीला हात लावलेला नाय. पण जात अंगाला चिकटून असते, वास नसला तरी लोकांना येतो. मॅडमच्या घरची खुलताबादच्या बाजूला बागायत हाय. त्यांच्यासारख्यांच्याच रानात आम्ही उन्हाळ्यात मेंढरं बसवायचो. रात्रभर. लेंडीखतासाठी ते बोलवायला यायचे, "या की राव" म्हणून. तव्हा कुणाला वास येत नव्हता.

मॅडम उठल्या, सईताईच्या खोलीत गेल्या, आणि एक पंप घेऊन आल्या. सगळ्यांना दिसेल असा माझ्या हातावर ठेवला.

"घे. सईचाच आहे. भारी औषध आहे हे. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, म्हणजे अटॅकच येत नाही."

"किती करता हो तुम्ही हिच्यासाठी," काकू म्हणल्या.

मी वाकून पाया पडले. हे लिहिताना अजून अंगाची आग होते. मी पाया पडले.

माझी माय दम्यानं गेली. पालावर. तिला आम्ही छातीला गरम तेल लावायचो, ओव्याची धुरी द्यायचो. धुरी! श्वास नाय त्या बाईला आम्ही धूर द्यायचो, कारण दुसरं काय द्यायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती बसूनच गेली. पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर. म्हणून तो पंप हातात आला तव्हा मला वाटलं, माझ्या मायला जे मिळालं नाय ते मला मिळालं. घरी नेऊन मी तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला. खंडोबाच्या टाकाजवळ.

रोज घ्यायचे. सकाळी कामाला निघायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर. दाबलं की फुस्स व्हायचं, घशाला गार लागायचं. सासू म्हणायची, "लागतंय का गुण?" मी म्हणायचे, "लागंल."

लागला नाय. थंडी पडली तशी छाती जास्तच भरायला लागली. जिना चढला की कठड्याला धरून उभी राहायचे. मी मॅडमला सांगितलं. त्या पेपर तपासत होत्या. कॉलेजात शिकवतात त्या. मान वर न करता म्हणल्या, "तुम्ही नीट घेत नसाल. तुम्हा लोकांना शिस्तच नाही."

मला ते पटलं. हेच तर सगळ्यात वाईट. मला वाटलं, माझंच चुकत असंल. माझं ओढणंच खोटं असंल. औषध चांगलं, मीच वाईट.

मंग एक दिवस दुपारी काम आटपून रिक्षाच्या थांब्यावर आले आणि खाली बसले. रस्त्याचं काम चालू होतं, मुरमाची धूळ नुसती उडत होती. शब्द फुटेना. ओठ निळे पडले होते, असं नंतर लोकांनी सांगितलं. कोण होते ते मला माहीत नाय. दोन बाया आणि एक रिक्षावाला. त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं तोंडाला मास्क लावला, वाफ दिली, सुई दिली. खूप वेळानं छाती मोकळी झाली. श्वास बाहेर आला तशी मी रडले. दुखत होतं म्हणून नाय. एवढी हवा जगात होती आणि मला मिळत नव्हती, म्हणून.

डॉक्टरीणबाई तरणी होती, दमलेली होती, चिडलेली होती.

"पंप घेता का कुठला?"

मी पदराची गाठ सोडून तिला पंप दाखवला. तिनं उलटा करून बघितला आणि माझ्यावरच ओरडली.

"हा संपलाय! बाई, यात औषध नाही. किती दिवस घेताय हा?"

"पण फुस्स होतंय की."

"गॅस आहे तो. नुसता गॅस. मागे आकडा आहे, शून्य. वाचता येत नाही का?"

मला वाचता येतं. मी दहावी शिकले. शून्य मी रोज बघत होते. त्या शून्याचा अर्थ काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि जिला अर्थ माहीत होता, तिनंच तो माझ्या हातावर ठेवला होता.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडं गेली. मंग सिस्टर आल्या. त्यांनी मला दोन पंप दाखवले. एक दम लागला की घ्यायचा. दुसरा रोजचा. तो दम लागूच नये म्हणून. "बरं वाटत असलं तरी घ्यायचा," त्या म्हणल्या. "बरं वाटतंय म्हणून बंद केला की परत इथंच याल." हलवायचा कसा, श्वास आधी सोडायचा कसा, आत ओढून रोखायचा कसा, नंतर चूळ भरायची, सगळं दोनदा करून घेतलं माझ्याकडनं. मी विचारलं, "ॲलर्जी वेगळी आणि दमा वेगळा का?"

"ॲलर्जीनं दमा उठतो, ताई. पंप ओढावा लागतो ना? मग दमाच तो. मोठ्या लोकांना दुसरं नाव बरं वाटतं, एवढंच."

औषधाच्या खिडकीवर मला माझे पंप मिळाले. नवे. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेले. मी चाळिशीला आले, पण दुखायच्या आधी औषध घ्यायचं असतं हे मला तव्हा कळलं. आमच्यात पडल्यावर दवाखाना. उठता येईनासं झालं की दवाखाना. उद्याचा श्वास आजच राखून ठेवायचा, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाय.

घरी आले आणि विचार करत बसले. त्यांच्या घरची शिळी पोळी मी खाल्ली. शिळी पोळी शिळी दिसते. खायची का नाय, ते आपल्याला ठरवता येतं. विटलेली साडी नेसले, ती विटलेली दिसत होती. ह्या पंपाचं तसं दिसत नव्हतं. ह्यानं मी मरणार होते, आणि मरताना मॅडमचे उपकार मानत मरणार होते.

बरी झाल्यावर कामावर गेले, झाडू घेऊन हॉलमध्ये आले. मॅडम आणि समोरच्या काकू चहा पीत बसल्या होत्या.

"होतीस कुठे? फोन तरी करायचा."

मी जुना पंप काढला. चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"मॅडम, सईताईला ह्यातनं एक दम द्या. माझ्यासमोर."

"वेडी झालीस का? संपलाय तो."

बोलून गेल्या. काकूंनी कप खाली ठेवला.

"संपलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. मंग मला का दिला?"

"अगं, त्यात काय एवढं? फुस्स तर होतंय ना? तुम्हा लोकांचा अर्धा आजार मनाचाच असतो. मनाला बरं वाटावं म्हणून दिला."

"माझी माय मनानं मेली नाय, मॅडम. श्वास कोंडून मेली. आणि सईताईला बी दमाच हाय. तुमच्या घरात दोघींना दमा हाय. एकीला औषध, एकीला गॅस."

त्या ताडकन उठल्या. "तोंड सांभाळ! मुलीच्या जातीला असं बोलतात? उद्या तिचं लग्न व्हायचंय."

सईताई दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणली, "मम्मी, तू तर म्हणालीस तो कचऱ्यात टाकला."

ती आत गेली, दार लावून घेतलं. काकू माझ्याजवळ आल्या, दंडाला हात लावून म्हणल्या, "जाऊ दे गं. दिलं ना त्यांनी काहीतरी. तेवढंही कोण देतं?"

मी त्यांचा हात काढला. "काहीतरी नको, काकू," म्हणले. झाडू जिथं असतो तिथं ठेवला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. त्या घरात मी पुढच्या दारानं कधी गेलेच नव्हते.

संध्याकाळी माझे मालक, म्हणजे नवरा, कामावरनं घरी आले. ते गवंड्याच्या हाताखाली आहेत. त्यांना सगळं आधीच कळलं होतं.

"माफी माग. मोठ्यांच्या घरचं काम हाय. असं तोडतात व्हय?"

"मागणार नाय."

"कॉलनीत दुसरं कुणी ठेवणार नाय तुला."

त्यांचं बरोबर निघालं. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज फिरला होता, ही बाई आजारी आहे, उद्धट आहे, घरात घेऊ नका. माझं कामाचं दुसरं एक घर होतं, तेही सुटलं. सासू चार दिवस बोलली नाय. मंग एकदा रात्रीच्या जेवणाला मला वाढताना एवढंच म्हणली, "तुझ्या सासऱ्याचा दम बी असाच वाजायचा. आम्ही नजर लागली म्हणायचो." मी ताट पुढं ओढलं, जेवले.

आता लांबच्या कॉलनीत काम शोधते. बायका सांगतात, आजाराचं बोलू नको, आधी काम धर. मी बोलते. परवा एका बंगल्याची बेल वाजवली. दारात आलेल्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, नेहमीचं विचारलं.

"काही आजार वगैरे नाही ना?"

"दमा हाय. लागत नाय कुणाला. रोज पंप घेते. मध्येच लागला तर तुमच्या हॉलमध्ये उभी राहून घेईन, अंगणात जाणार नाय. आणि कोरडं झाडणार नाय. आधी पाणी शिंपडणार, तोंडाला फडकं बांधणार, मंग झाडू."

त्या बाईनं दार लावलं. हळू लावलं, पण लावलं.

त्याच ओळीत अजून बंगले होते. मी पुढच्या फाटकाची कडी काढली. तिथंही हेच सांगणार होते, अगदी ह्याच शब्दांत, आणि दार लागलं तर त्याच्या पुढच्या घरीही.