काडेपेटीतले बेकरीवाले

समोरच्या घराला काडेपेटी हे नाव मीच ठेवलं. बेकरीवाले भाऊ, त्यांचे गेलेले वडील, थोरली बहीण, कॉलेजात जाणारी मुलगी, सगळ्या एका मापाच्या काड्या. भरलेल्या अंगाच्या एकट्या वहिनी, पण त्या लग्न होऊन आलेल्या.

"भाऊ, पाव विकता की नुसते बघता?" मी विचारायची.

"घराण्याचा बांधाच आहे, ताई. आमच्याकडे शर्टाला कापड कमी लागतं." हे म्हणताना हात पोटावर. पोटदुखी त्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखी होती. जेवल्यावर अर्ध्या तासानं वाजायची, कुणी मान वर करून बघायचं नाही.

गेल्या वर्षी मुलगी कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. अंगात रक्तच नाही म्हणाले. दोन-तीन दवाखाने झाल्यावर पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी नाव काढलं, सीलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नाही, म्हणून गहू, मैदा जन्मभर बंद. बेकरीवाल्याची पोर! मला हसू आलं, आणि मेलं ते तोंडातच राहिलं.

"याचा कल जनुकातून येतो," बाई म्हणाल्या. "आईवडिलांनी तपासून घ्या. आत्यालाही सांगा."

आत्या म्हणाली, बांधा आहे तो, त्याला कसली तपासणी. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. त्यांच्यात ते जनुक निघालं नाही. "माझ्याकडून नाही गेलं," एवढंच त्या बोलल्या. कुणी विचारलं नव्हतं.

भाऊ मात्र आज-उद्या करत राहिले. भट्टीसमोर तीस वर्षं काढलेला माणूस. खेप निघाली की एक पाव मोडायचा, वाफ जाऊ द्यायची, कडेचा तुकडा जिभेवर ठेवायचा, मगच बाकीचे पाव दुकानात मांडायचे. वडिलांनी घालून दिलेली शिस्त. आपल्यालाही तेच निघालं तर भट्टी सुटली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मग या शहाण्यानं काय करावं? दोन महिने गव्हाचा कण तोंडात घातला नाही. पोरं परीक्षेआधी वह्या पूर्ण करतात ना, तसं. तुकडा मोडायचे, हुंगायचे, ठेवून द्यायचे. गंमत म्हणजे गालांवर मांस आलं. "काय भाऊ, काडीला पालवी फुटली वाटतं!" मी म्हटलं. ते हसले नाहीत.

मग रक्त दिलं. रिपोर्ट आला. जनुक आहे, रोगाची खूण नाही. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. भाऊ खुर्चीतून उठलेच होते.

"बसा," बाई म्हणाल्या. "हे जनुक पुष्कळांत असतं. त्यातले बहुतेक जण जन्मभर मजेत पाव खातात. तुम्ही रोज खाता ना?"

भाऊ चपलांकडे बघत राहिले.

"दोन महिने शिवलेले नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"मग या रिपोर्टावर जाता येत नाही. गहू पोटात जात असेल तरच खूण दिसते. सहा आठवडे रोज खा आणि पुन्हा या." मग सहज विचारावं तसं, "पोट दुखायचं?"

"नेहमीच."

"आणि या दोन महिन्यांत?"

वहिनी मान वळवून नवऱ्याकडे बघत होत्या.

सहा आठवडे, रोज अकराला, गिऱ्हाईक ओसरलं की भाऊ काउंटरमागे भिंतीकडे तोंड करून दोन स्लाइस खायचे. लोणी नाही, चहा नाही. माझ्या खिडकीतून नुसती पाठ दिसायची.

"बाबा, उत्तर माहीत आहे ना तुम्हाला?" मुलगी एकदा म्हणाली.

"रिपोर्ट येऊ दे." चावणं चालूच.

गाल पुन्हा बसले. मी चिडवणं सोडलं, तेही त्यांच्या लक्षात आलं. "ताई, आजारी आहात का?"

रक्तात निघालं. आतड्याचा तुकडा तपासला, त्यातही निघालं. भाऊंनी रिपोर्टाची चार घड्या घालून तो खिशात ठेवला आणि दुकानावर येऊन काच पुसली.

आता भट्टी वहिनींकडे. पिठाची धूळ नाकातोंडात जाते, म्हणून भाऊ दुकानाबाहेर बाकावर बसतात. पहिल्या दिवशी खेप निघाली, तशी त्यांनी मला हाक मारली.

"ताई, तुमच्याइतकी खोड काढणारं गल्लीत कुणी नाही. तुमच्या वहिनी स्वतःच्या हाताला नावं ठेवायच्या नाहीत. तुम्ही खाऊन सांगा."

वहिनींनी कडेचा तुकडा आणून दिला. गरम होता. भाऊ माझ्या जबड्याकडे बघत होते.

"चांगलाय," मी म्हटलं.

"चांगला म्हणजे?"

काय सांगणार? पाव होता. पावासारखा लागत होता.

"मीठ जरा कमी पडलंय."

भाऊंनी मान हलवली. आत बघून म्हणाले, "उद्या मीठ चिमूटभर वाढव."

मीठ बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पाव खारट झाला. भाऊ बाकावरून बघत होते. मी तुकडा गिळला आणि म्हटलं, "आता जमलं."