सुनेच्या शेअरची विहीर

अठरा एप्रिल. कुरडयांचा चीक चुलीवर होता. तो सोडून उठता येत नाही, त्यामुळे सगळं बोलणं मी चीक घाटता घाटताच ऐकलं.

मुलगा आणि सून पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. आमच्या बांधाला लागून असलेलं विहिरीचं रान शेजारी विकत होता. दुसऱ्या दिवशी परभणीला खरेदीखत करायचं होतं. नाहीतर तो ते सेलूच्या एका व्यापाऱ्याला देणार होता. आमचं बोअर आटलेलं, मोसंबी वाळायला लागलेली. मला ती विहीर हवी होती. पैसे मात्र सुनेचे होते.

दोघं एकाच कंपनीत. सून आधी लागली, कंपनी लहान असताना. पगार इतका थोडा की मुलगा आमच्या ओसरीत बसून पाहुण्यांना सांगायचा, "हिला पगाराच्या जागी कागद देतात." ते कागद म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. तिचा भाव अगदी मातीमोल ठरला होता. पुढे कंपनी वाढली आणि मुलगा तिच्याच ओळखीने तिथे लागला, तिच्या दुप्पट पगारावर, तिच्याहून वरच्या खुर्चीत. त्यालाही शेअरचा हक्क मिळाला, पण चढलेल्या भावाने. मग कंपनी बाजारात आली आणि भाव घसरला. सुनेने तरीही विकले आणि रानाचे पैसे उभे राहिले. मुलाकडे होते ते फ्लॅटचे हप्ते.

"रान माझ्या नावावर घ्यायचं," सून म्हणाली. बापाच्या मागे मानवतच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं आहे, त्यामुळे शेतजमीन घ्यायला कायद्याचीही आडकाठी नव्हती.

आमचे मालक ताडकन बोलले, "सुनंच्या नावानं? गावात तोंड कुठं दाखवू?"

"मग नका घेऊ, मामा."

मुलगा हसला. "आबा, हिचं काय ऐकायलाव? ऑफिसात ही माझ्या दोन पायऱ्या खाली हाय. हिला लागलंय ते नशिबानं, अकलेनं न्हाई."

धाकटे दीर भिंतीला टेकून बसले होते. "आरं, तू तर मोठा सायब. मंग तूच घे की रान. का तुझे शेअर म्हशीनं खाल्ले?"

"हायेत की माझेबी. हिच्यापेक्षा जास्त हायेत, काका."

"आहेत ना," सून म्हणाली. पुण्यात ती त्याला अरे म्हणते, आमच्या घरात अहो. "सांगा ना काकांना, तुमचा भाव काय ठरलाय आणि आज बाजारात काय चाललाय."

तो मोबाईल चाळू लागला.

"यांना हक्काचे शेअर घ्यायचे तर बाजारापेक्षा महाग पडतात, काका. रस्त्यावरच्या कुणालाही तेच शेअर स्वस्तात मिळतात."

दीर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मालकांनी तोंड वळवलं, पण त्यांचेही खांदे हलत होते. मुलाचे कान लाल झाले. तो माझ्याकडे वळला.

"आई, तू माझ्या बाजूनं एक शब्द बोलणार न्हाईस?"

"तुझ्या बाजूला पाणी न्हाई," मी म्हटलं.

सून मला फार प्रिय आहे असं नाही. ती रात्रीची भांडी तशीच ठेवते आणि मला शिकवायला येते. पण मोसंबीला या उन्हाळ्यात पाणी मिळालं नसतं, तर झाडं तोडून सरपण करावं लागलं असतं. म्हणून तिलाच विचारलं, "विहिरीचं पाणी आमच्या बागेला देशील का?"

"देईन, आत्या. पण यांनी मागायचं. माझ्याकडं, तुम्हा सगळ्यांसमोर."

तिला तिथेच गप्प करायला हवं होतं, असं दीर अजून म्हणतात. त्यांना बाग नाही.

"मागंल," मी म्हटलं.

"मी मरंन, पण मागणार न्हाई," मुलगा म्हणाला आणि चपला न घालताच बाहेर गेला.

"मामा, मग उद्या जायचं का नाही?" सुनेने विचारलं. मालक उठून गोठ्याकडे गेले. मी चीक उतरवला आणि सोऱ्या धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मुलाच्या अंगावरची चादर ओढली. त्याला अंगणात आणलं. मालक, दीर आणि सून चहा पीत होते. "माग," मी म्हटलं. तो बापाकडे बघत राहिला, बाप कपात बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं, "माग." तेव्हा तो जमिनीकडे बघून म्हणाला, "बागेला पाणी देशील का?" सुनेला ऐकू आलं नाही म्हणे. त्याने पुन्हा विचारलं. मग मी पातळ बदललं, सुनेबरोबर परभणीला गेले आणि खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही केली.